पोर उपाशी असताना आईच्या घशाखाली घास कसा उतरावा?

पत्र :

"सिस्टर, मी मंगळवेढ्याजवळच्या गावातली. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघालाय, डॉक्टर ए-एल-एल म्हणतात. सध्या आम्ही मुंबईत परळला मुलांच्या हॉस्पिटलात आहोत. त्याच्याजवळ मी एकटीच असते. आमचे हे गावी रोजगार सांभाळून धाकट्या मुलीला बघतात, जमेल तसे येऊन जातात. खाली कँटीन आहे, पण तिथं बसलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो. त्याच्या तोंडात फोड आलेत, पाणी पितानाही त्याचे डोळे भरून येतात, आणि मी वरण-भात खात बसू? पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी तर त्याला सकाळपासून उपाशी ठेवतात. अशाच एका दिवशी मी जिन्याखाली उभी राहून वडापाव खाल्ला. वर आल्यावर त्यानं माझा हात हुंगला आणि 'तू मला सोडून खाल्लंस' म्हणून असा रडला, की त्या दिवसांना मी आता काहीच खात नाही. तो बरा होईपर्यंत एकवेळ जेवीन असा तुळजाभवानीला नवसही बोललेय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'तुला तिथं जेवण तरी कसं जातं गं?' थाळी 80 रुपयांची, तेवढ्यात त्याची चार दिवसांची अंडी येतात. मागच्या आठवड्यात फाइलच्या रांगेत चक्कर येऊन पडले. त्याला चढवलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्तपेढीत बदली रक्त द्यायला गेले तर हिमोग्लोबिन 9.4 म्हणून परत पाठवलं. तरीही ताट समोर आलं की मी आई म्हणून कमी पडतेय असं वाटतं. काय करू?"

ताई,

तुम्ही जेवा. रोज दोन्ही वेळा, खुर्चीवर बसून, ताटात वाढून घेऊन. बाकीचं पुढं सांगतेच, पण हे आधी सांगते, कारण रांगेत चक्कर येऊन पडलात हे वाचून मला तुमची फार काळजी वाटली.

मुलांच्या वॉर्डात माझी नोकरी झाली, त्यामुळं तुमच्यासारख्या आया मी रोज बघितल्या आहेत. पोराच्या सलाईनवर रात्रभर डोळा ठेवणाऱ्या बाईला "तुम्ही काय खाल्लं?" विचारलं, की ती म्हणायची, "चहा झाला ना मघाशी." मग शेजारच्या कॉटवरची बाई हळूच सांगायची, "सिस्टर, ती कालपासून चहावरच आहे." राऊंडला येणारे डॉक्टर पोराचं वजन, ताप, लघवी सगळं लिहून घेतात. आईचं कुणी लिहून घेत नाही. फाइलमध्ये तुम्ही फक्त 'नातेवाईक' असता. वॉर्डातली ही मोठी उणीव आहे असं माझं मत आहे, पण ती भरून निघेपर्यंत तुमच्या जेवणाकडं तुम्हालाच बघावं लागेल.

तो सोसतोय तर मीही सोसलं पाहिजे, असं तुमच्या मनानं धरलंय. त्यामागची माया मला कळते. पण हे दुखणं चार-आठ दिवसांचं नाही. ए-एल-एलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिला महिना-सव्वा महिना जड, त्यानंतरचे काही महिनेही औषधं जोरात, आणि मग बराच काळ घरी गोळ्या आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या. उपचार मध्ये न सोडता पूर्ण केले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात. तुमचा मुलगा बरा व्हावा म्हणून जे करायचं ते तुम्हाला एवढा काळ करत राहायचंय. आई चार दिवस उपाशी राहिली तर निभून जातं. दोन-अडीच वर्षं एकवेळ जेवून कुणाचंच शरीर टिकत नाही, 9.4 हिमोग्लोबिनच्या बाईचं तर नाहीच नाही.

आणि तुमचं शरीर त्याच्या उपचारांत रोज कामाला येतंय. केमोच्या, म्हणजे कॅन्सरच्या औषधांच्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की सकाळची वाट बघायची नसते, लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. सुट्टी मिळून तुम्ही बाहेर कुठं खोलीवर राहत असाल, तर रात्री दोन वाजता त्याला खांद्यावर टाकून टॅक्सीला हात करणारं माणूस तुम्हीच आहात. दुसरं असं, की उपाशी शरीराला सर्दी, खोकला, ताप लवकर धरतो, आणि आजारी माणसाला अशा मुलाजवळ थांबू देत नाहीत. तुम्हालाच वॉर्डाबाहेर बसावं लागलं तर रात्री तो कुणाचा हात धरून झोपेल? पुढच्या वेळी ताट समोर आलं आणि मन कच खाऊ लागलं, तर एवढंच आठवा.

आता नवस. भवानीवर माझीही श्रद्धा आहे, तेव्हा हे मी वरवर बोलत नाही. गरोदर बाई, बाळंतीण, आजारी माणूस यांना उपास सोडायची मुभा आपल्याकडं पूर्वीपासून आहे. एकाला जमेना तर घरातलं दुसरं कुणी त्याच्या वाटचा उपास धरतं, तेही आपण घरोघर बघतो. तुम्ही आज आजारी माणसातच मोडता, रक्तपेढीनं ते तपासून सांगितलंय. आहात तिथूनच हात जोडा आणि देवीला सांगा, आई, एकभुक्त राहणं आता माझ्यानं होत नाही, त्याऐवजी पोर बरं झालं की पायी येईन, ओटी भरीन, सवाष्णी जेवू घालीन. जे तुम्हाला मनापासून करावंसं वाटेल ते बोला. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला किती माणसं चालत जातात ते तुम्ही बघितलंच असेल. मन अगदीच घाबरत असेल तर मंगळवारचा उपास तुमच्या मालकांना धरू द्या. तेही त्याचे वडील आहेत, लांब राहून त्यांचाही जीव तुटत असेल. त्यांनाही काहीतरी करता येईल.

वडापावचा तो दिवस तुमच्या मनाला फार लागलाय. मुलगा काय म्हणाला ते पुन्हा वाचा. "तू मला सोडून खाल्लंस." माझ्या मते तुम्ही खाल्लंत याच्यापेक्षा त्याला न सांगता खाल्लंत, हे त्याला जास्त लागलं. या मुलांना रोज कुणीतरी काहीतरी न सांगता टोचत असतं. आई तरी सांगून करते, एवढा भरवसा त्यांना लागतो. म्हणून पाठीतल्या इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी त्याला जवळ घेऊन समजेल असं सांगा. औषधानं गुंगी येते, गुंगीत पोटातलं अन्न उलटून श्वासाच्या नळीत गेलं तर धोका असतो, म्हणून पोट रिकामं ठेवतात. सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. "उद्या तुला औषधानं झोप येणार. झोपेत उलटी झाली तर त्रास होईल, म्हणून तुझं पोट रिकामं ठेवायचं. तू जागा झालास आणि सिस्टर हो म्हणाल्या, की तुला जे हवं ते आधी तुला. मला औषध नाही, म्हणून मी जेवणार. खाली जाऊन येते, हे कार्टून संपायच्या आत परत." आणि खरंच तेवढ्यात परत या. पहिल्या वेळी तो रडेल, चिडेल, कदाचित मारेलही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मुलं जास्तच चिडतात, तो राग तुमच्यावरचा नसतो. दोन-तीन वेळा शब्द पाळलात की त्याला कळेल, आई सांगून जाते आणि परत येते.

मात्र त्या दिवशी त्याच्यासमोर खाऊ नका. वॉर्डात डबाही उघडू नका, कारण पलीकडच्या दोन कॉटवरची पोरंही त्या दिवशी उपाशीच असतात. खाऊन आल्यावर चूळ भरा, साबणानं हात धुवा. हात धुण्याला वासाखेरीज दुसरंही कारण आहे, हातावरचे जंतू त्याच्यापर्यंत जाऊ नयेत, ते तुम्हाला माहीत आहेच.

त्या दिवशी तुमचं खाणं दोन वेळांना बसवा. एक, तो उठायच्या आधी पहाटे, आणि त्यासाठी पिशवीत राजगिऱ्याचा किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि दोन केळी आदल्या रात्रीच आणून ठेवा. दुसरी वेळ त्याला आत घेतल्यावर. तुम्हाला दारातच थांबायचं असतं, इतका वेळ जिवात जीव नसतो, मला माहीत आहे. तर मग तो बाहेर आला, सिस्टरांनी बघितलं, त्याला आडवंच झोपवून ठेवलं, की शेजारच्या आईला बसवून खाली जा. पुढच्या वेळी तिच्या मुलाजवळ तुम्ही बसा. वॉर्डात अशी जोडी जमली की दोघींची जेवणं सुटत नाहीत. मी माझ्या ड्यूटीत नव्या आयांना आधी हेच सांगायची, कॉट नंबर अमुकच्या बाईशी ओळख करून घ्या.

कँटीनला कधी जायचं, तेही सांगते. दुपारी साडेबारा ते दोन ओपीडीची सगळी गर्दी तिथंच लोटते. कूपनच्या रांगेत उभं राहण्यातच अर्धा जीव जातो आणि वर पोराची काळजी, म्हणून बायका नुसता चहा घेऊन परत फिरतात. तुम्ही नाश्ता राऊंडच्या आधी उरका आणि जेवायला गर्दीच्या आधी नाहीतर नंतर जा. जाताना ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगून जा, फोनचा आवाज चालू ठेवा. कुणी बोलावलं तर पाच मिनिटांत वर येता येतं.

काय घ्यायचं? सगळ्या कँटीनमध्ये साधारण तेच असतं : इडली, उपमा, पोहे, वडापाव, उसळ-पाव, राइस प्लेट, अंडी. त्यातलं इडली-सांबार, उसळ, वरण-भात, उकडलेलं अंडं किंवा ऑम्लेट-पाव हे तुमच्या कामाचं. वडापाव स्वस्त म्हणून रोजच त्यावर राहिलात तर पोट भरेल पण अशक्तपणा जाणार नाही. आणि चहा जेवणाबरोबर घेऊ नका. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तेव्हा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा. उसळीवर, भाजीवर लिंबू पिळून घ्या, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. तुम्ही चहावरच दिवस काढताय असं मला वाटतंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण 9.4 नुसत्या उसळीनं भरून येणार नाही, त्याला गोळ्या लागतील. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, हेही बघावं लागेल. परळमध्ये केईएमसारखं मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तिथं बाह्यरुग्ण विभागात दाखवा. आणि बदली रक्ताचा ताण तुम्ही अजिबात घेऊ नका. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान 12.5 आणि वजन 45 किलो लागतं. तुमचं रक्त घेतलं नाही ते बरोबरच केलं. त्यासाठी दीर, भाऊ, गावातली मुंबईत कामाला असलेली पोरं यांना फोन लावायला मालकांना सांगा.

80 रुपयांचा प्रश्न खरा आहे. तुमच्या हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवक असतील, त्यांना एकदा बसून सगळी परिस्थिती सांगा. पैसे मागायला आले असं वाटून घेऊ नका, तेच त्यांचं काम आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केस बसली असेल तर भरती असताना मुलाचं जेवण आणि घरी परत जायचं एका वेळचं भाडं त्यात धरलेलं असतं. सोबतच्या माणसाचं जेवण धरलेलं नसतं, आणि तिथंच तुमच्यासारख्यांची अडचण होते. म्हणून आसपास शिवभोजन केंद्र चालू आहे का विचारा. 26 जानेवारी 2020 ला ही थाळी सुरू झाली, 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची तिथं सोय बघतात. कॅन्सरच्या मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईत काम करते. तिथं आई-वडील आणि मूल यांना राहायला जागा, स्वयंपाकाला ओटा आणि शिधा मिळतो, कुटुंबाकडून पैसे घेत नाहीत. जागा मिळेलच असं नाही, पण डॉक्टरांना किंवा समाजसेवकांना तुमच्यासाठी विचारायला सांगा. स्वतःच्या हातचं शिजवायला मिळालं तर तुमचा आणि त्याचा दोघांचाही खाण्याचा निम्मा प्रश्न सुटेल. कॅन्सरच्या मुलांच्या आहाराकडं बघणाऱ्या कडल्स फाउंडेशन या संस्थेच्या आहारतज्ज्ञ काही हॉस्पिटलांत असतात, तुमच्याकडं आहेत का तेही विचारा.

हॉस्पिटलांच्या बाहेर दानशूर मंडळी जेवण वाटतात. गरम, झाकलेलं, समोर वाढलेलं असेल तर तुम्ही जरूर घ्या. त्यात कमीपणा कसला? दवाखान्याबाहेर फुटपाथवर पडलेल्या नातेवाइकांसाठीच गाडगेबाबांनी मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या. मुलासाठी मात्र तिथलं घेऊ नका.

त्याच्या खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात लिहिते, कारण कँटीनमधलं काही त्यालाही चालू शकतं. पेशी कमी असताना नियम सोपा : शिजलेलं, ताजं, वाफाळतं. कुकरमधून नुकतीच काढलेली इडली आणि उकळतं सांबार घेऊन ते कोमट करून द्यायला हरकत नसते, पण ओली चटणी नको, कोशिंबीर नको, कापून ठेवलेली फळं, बाहेरचं दही, बर्फ, कुल्फी नको. केळं, संत्रं तुम्ही धुऊन, हात धुऊन, सोलून द्या. तोंडात फोड आहेत तोवर मऊ भात, पातळ वरण, नाचणीची पेज, कोमट आणि बिनतिखटाचं. पेशींचा आकडा रोज बदलतो, तेव्हा काहीही नवीन देताना सिस्टरना विचारा. आज तो खात नाही, पण स्टेरॉइडच्या दिवसांत उलट होतं, रात्री अडीचला पोर उठून पावभाजी मागतं, मिळाली नाही तर वॉर्ड डोक्यावर घेतं. तेव्हाही ताई, तुम्ही पोटभर जेवलेल्या असाल तरच त्या हट्टापुढं टिकाल.

आता सासूबाई. त्या तसं बोलल्या ते चुकलंच, तुम्ही मनाला लावून घेतलंत यात नवल नाही. पण लांब बसून नातवासाठी काहीच करता येत नाही, ती तगमग अशी बाहेर पडत असावी. त्यांना काम द्या. मंगळवेढ्याची ज्वारी घरात असेलच. "आत्या, मला इथलं जेवण महाग पडतंय, कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून पाठवता का?" असं विचारा, म्हणजे मालक येतील तेव्हा पिशवीतून येईल. सोलापूरची कडक भाकरी बरेच दिवस टिकते, तुम्हाला मी काय सांगावं. मग कँटीनमध्ये 80 रुपयांची थाळी घ्यायची गरज नाही. एक वाटी वरण आणि एक प्लेट उसळ घ्या, भाकरी हातानं मोडून वरणात टाका, दहा मिनिटं मुरू द्या, वर चटणी आणि लिंबू. पोट भरतं, पैसे वाचतात, आणि ओळखीची चव असली की घास फिरत नाही. आणि भाकरी आपल्याच हातची म्हटल्यावर जेवण कसं जातं असं सासूबाई विचारणार नाहीत, पुरली का म्हणून विचारतील.

पुढचं इंजेक्शन कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आदल्या दिवशी सिस्टरना तीन गोष्टी विचारून घ्या : त्याचा नंबर साधारण कितवा, शेवटचं जेवण-दूध किती वाजता, आणि पाणी किती वाजेपर्यंत. सहसा जेवण आणि दूध 6 तास आधी थांबवतात आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळायची. बऱ्याच वेळा घाबरून मुलाला आदल्या संध्याकाळपासूनच काही देत नाहीत, तसं करू नका. रात्री त्याला व्यवस्थित जेवू घाला, आणि त्याच वेळी तुम्हीही जेवून घ्या. आणि उद्या सकाळी ते 9.4 लिहिलेला कागद घेऊन तुमच्यासाठी केसपेपर काढा. तेवढा वेळ पोराजवळ बसशील का, म्हणून शेजारच्या आईला आज रात्रीच विचारून ठेवा.

तुमची,
सिस्टर